हयातीचा दाखला

अविवाहित पुरुषाविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा विनोदी असते, नाही तर उपदेशपर. विनोदी लेखनात त्याचे दूध उतू जाते, सदऱ्याचे बटण तुटते, आणि शेवटी शेजारच्या घरातील कोणी कन्या ते बटण लावून देते. उपदेशपर लेखनात त्याला गृहस्थाश्रमाचे माहात्म्य ऐकवले जाते. सकाळी कामावर जाणारा, संध्याकाळी स्वतःच कुलूप उघडून घरात शिरणारा आणि दिवा मालवण्यापूर्वी प्रार्थनेचे चार शब्द बोलणारा साधा माणूस या दोहोंच्या मध्ये कुठेतरी राहून जातो. त्यातून तो ख्रिस्ती असला, मराठी असला आणि महाराष्ट्राबाहेर एखाद्या कोळशाच्या गावी राहत असला, तर त्याची दखल घेण्याचे कोणाला कारणच पडत नाही.

आम्ही स्वतः याच वर्गात मोडतो. वय एकोणतीस, नोकरी एका राष्ट्रीयीकृत बँकेत, मुक्काम बेल्लमपल्ली. या मासिकाचे बहुतेक वाचक कुटुंबवत्सल आहेत हे आम्ही जाणतो. आम्हांला जे सांगायचे आहे ते त्यांच्याच कानांवर जायला हवे, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोळशाचे गाव

बेल्लमपल्ली हे नाव महाराष्ट्रात उच्चारले की ऐकणारा हटकून विचारतो, "हे कुठे आले?" दिल्लीहून दक्षिणेकडे जाणारी गाडी बल्लारशाह सोडते. राजुरा तालुक्यातले विरूर मागे पडते आणि स्थानकांच्या पाट्यांवर देवनागरीच्या जोडीला तेलुगू अक्षरे दिसू लागतात. मग सिरपूर, कागजनगर, आसिफाबाद रोड, रेचनी रोड आणि त्यानंतर आमचे बेल्लमपल्ली. पुढे मंदमर्री व मंचिर्याल, आणि मंचिर्यालच्या पलीकडे गोदावरीवरचा लांब पूल. आमचे मूळ गाव नगर जिल्ह्यातले. तो जिल्हा आता अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. जी गोदावरी तिथे कोपरगाव-पुणतांब्यावरून वाहते, तीच नांदेड आणि बासर मागे टाकून मंचिर्यालला येते. नोकरीच्या पहिल्या महिन्यात या एका गोष्टीचा आम्हांला फार आधार वाटला होता.

या गावाला कोळशाने जन्म दिला असे म्हटले तरी चालेल. भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम किंग यांना १८७१ मध्ये निजामाच्या राज्यात येल्लंदूजवळ कोळसा सापडला. १८८६ मध्ये खाणींचे हक्क घेणारी एक कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये तिचे नाव सिंगरेणी कोलियरीज झाले. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बेल्लमपल्लीच्या बाजूला खाणी सुरू झाल्या. त्याच सुमारास काझीपेठ-बल्लारशाह लोहमार्ग पुरा झाला, तेव्हा कोळशालाही वाट मिळाली आणि कामाच्या शोधात निघालेल्या माणसांनाही. करीमनगर-वरंगळकडून तेलुगू मजूर आले, उत्तरेकडून हिंदी बोलणारे आले आणि चांदा-राजुऱ्याकडून मराठी माणसेही आली. आता त्या काळच्या भूगर्भ खाणींपैकी बऱ्याच बंद झाल्या आहेत. नवीन काम उघड्या खाणींकडे आणि इतर गावांकडे सरकले आहे. कंपनीच्या जुन्या चाळींतून पुष्कळ दारांना कुलपे दिसतात. पाळीच्या भोंग्यावर सारे गाव उठत-बसत होते, त्या दिवसांच्या आठवणी सांगणारे वृद्ध मात्र पारावर अजून भेटतात.

मराठी या भागाला परकी नाही. आजचा मंचिर्याल जिल्हा २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि १९५६च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी राजुरा व किनवट ही ठिकाणेही त्याच जिल्ह्यात होती. त्या वर्षी ती मुंबई राज्यात गेली, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. सीमारेषा कागदावर आखली गेली तरी बोली तिच्या हुकमाने थांबत नाही. म्हणून आजही आदिलाबादच्या बाजूला खेडोपाडी मराठी ऐकू येते. बेल्लमपल्लीत मात्र मराठी घरे तुरळक, आणि मराठी ख्रिस्ती म्हणाल तर आमच्या माहितीत आम्हीच काय ते एकटे.

एकट्याचे बिऱ्हाड

येथे आल्यावर पहिला प्रश्न जागेचा. एकट्या पुरुषाला घर देताना घरमालकाच्या कपाळाला आठी पडते, हा अनुभव आपल्या वाचकांतील अनेकांनी तरुणपणी घेतला असेल. "फॅमिली कधी येणार?" हा प्रश्न आम्हांला तीन ठिकाणी विचारला गेला. चौथ्या ठिकाणी एका विधवा बाईंनी तो न विचारताच वरच्या मजल्यावरची दीड खोली आम्हांला दिली. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. अक्कांना मराठीचा एक शब्द येत नाही. आमची तेलुगू अजून व्यवहारापुरती आहे. तथापि, रोज संध्याकाळी आमची पावले जिन्यावर वाजली की त्या खालून विचारतात, "तिन्नारा?" म्हणजे जेवलात का? उत्तर काय द्यायचे हे त्यांनीच शिकवले.

या गावात दुसरा प्रश्न ठरलेला असतो: "पेळ्ळी अयिंदा?" लग्न झाले का? रिक्षावाला विचारतो, भाजीवाली विचारते, बँकेत खाते उघडायला आलेला नवखा मनुष्यही विचारतो. प्रथम आम्ही अंग चोरत असू. पुढे ध्यानात आले की यात भोचकपणा थोडा आणि आस्था अधिक आहे. समोरचा माणूस आम्हांला कोणत्या खणात ठेवावे, याचा अंदाज घेत असतो. लग्न झालेल्याचा खण ठरलेला, विद्यार्थ्याचा ठरलेला, म्हाताऱ्याचाही ठरलेला. कमावत्या एकट्याला खण नाही.

दिनक्रम सांगण्यासारखा नाही. पण तो सांगितल्यावाचून एकट्याचे जिणे कळायचे नाही. सकाळी सहाला उठणे, कुकरमध्ये डाळ-तांदूळ लावणे, तो होईपर्यंत पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचणे. कुकरच्या तीन शिट्ट्यांत स्तोत्रसंहितेतले एक मध्यम लांबीचे स्तोत्र वाचून होते, ही आमची अनुभवसिद्ध माहिती. दुपारी मेसमध्ये पप्पू, पच्चडी व भात. रात्री मनात आले तर भाकरी. ज्वारीला येथे जोन्न म्हणतात आणि भाकरीला जोन्न रोट्टे. धान्य तेच, पीठ तेच. केवळ नाव बदलले की घास परका लागत नाही. रात्री आईचा फोन येतो. ती काय जेवलास विचारते, आम्ही पदार्थांची यादी थोडी वाढवून सांगतो, आणि आम्ही वाढवून सांगत आहोत हे ती ओळखते.

एकटेपणाचा खरा त्रास कामात नसतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो. स्वयंपाक, धुणे, केर या गोष्टींची सवय होते. पुरुषाने त्यांचे कौतुक करून घेऊ नये, कारण घरोघरच्या स्त्रिया त्या मुकाट्याने करीत आल्या आहेत. त्रास असतो तो साक्षीदार नसण्याचा. आज आपल्याला हसू कशाचे आले, दुपारी डोके का दुखले, रस्त्यावर कोणता विचित्र पक्षी दिसला, हे सांगायला कोणी नसले की दिवस झाला काय आणि न झाला काय, सारखेच वाटू लागते.

दोन भाषांचा रविवार

रविवारी आम्ही तेलुगू मंडळीत उपासनेला जातो. आमचे बालपण ज्या मंडळीत गेले तिची परंपरा अमेरिकन मराठी मिशनची. नगरला त्या मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले आणि 'ज्ञानोदय' हे नियतकालिक तेथेच १८४२ मध्ये निघाले. पुढे १९७० साली नागपुरात उत्तर भारतातील अनेक मंडळ्या एकत्र होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तिच्यात आमच्याकडच्या मंडळ्या गेल्या. दक्षिणेतील असे ऐक्य त्यापूर्वीच, १९४७ मध्ये, मद्रासला झाले होते. सांगायचा मुद्दा इतकाच की उपासनेचा क्रम आमच्या ओळखीचा आहे. पापांगीकार केव्हा, अर्पण केव्हा, आशीर्वाद केव्हा, हे भाषा न कळताही समजते.

गाणी मात्र निराळी. आमच्या कानांत 'उपासना संगीता'तील चाली आणि रेव्हरंड टिळकांची पदे. येथे 'आंध्र क्रैस्तव कीर्तनलु' आणि त्यांत एकोणिसाव्या शतकातील पुरुषोत्तम चौधरी यांची पदे. पहिले सहा महिने आम्ही ओठ हलवीत उभे राहत असू. मग एक दिवस एका कीर्तनाचे धृपद आपोआप तोंडात आले. भाषा अशीच येते. दार वाजवून येत नाही, मागच्या अंगणातून येते.

या बाबतीत आम्हांला दोन माणसांची आठवण वारंवार होते. पहिले फादर थॉमस स्टीफन्स. हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि आयुष्याची उरलेली सुमारे चाळीस वर्षे त्यांनी तेथेच काढली. अविवाहित, स्वदेशापासून हजारो मैलांवर, आणि परत जाण्याचा विचारही नाही. त्यांनी मराठी आत्मसात केली ती कामचलाऊ नव्हे. १६१६ मध्ये छापलेले त्यांचे ख्रिस्तपुराण ओवीछंदात आहे आणि मराठीचे त्यांनी गायलेले कौतुक आजही शाळेतल्या मुलांना ठाऊक असते. दुसरे बिशप वेदनायगम सॅम्युएल अझरिया. ते तिरुनेलवेलीकडचे तमिळ. १९१२ मध्ये ते अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले आणि त्यांनी आपले ठाणे केले दोर्नकलला, म्हणजे याच सिंगरेणी कोळशाच्या पट्ट्यातील रेल्वे जंक्शनवर. तमिळ माणसाने तेलुगू शिकून तेलुगू खेडुतांत जन्म काढला. दोर्नकलचे त्यांचे कॅथीड्रल पाहणाऱ्याला त्यात देवळाचे खांब दिसतात आणि मशिदीचे घुमटही दिसतात. १९४५ मध्ये ते तेथेच निवर्तले.

एवढ्या मोठ्या माणसांची नावे घेऊन आमच्या सहा महिन्यांच्या ओठ हलवण्याला प्रतिष्ठा देण्याचा हेतू नाही. आम्हांला त्यांच्यापासून एकच गोष्ट उमगली. परभाषा शिकणे म्हणजे आपली सोडणे नाही. दिवसभर आम्ही तेलुगू व हिंदी बोलतो, बँकेत इंग्रजी लिहितो. पण हिशेबाची बेरीज मनात मराठीतच होते, ठेच लागली की 'आई गं' हेच शब्द येतात, आणि रात्रीची प्रार्थनाही मराठीतच निघते. घरात ऐकणारे कोणी नाही, मग मराठी कोणासाठी बोलायची, असा प्रश्न पडे. पुढे लक्षात आले की प्रार्थनेच्या निमित्ताने दिवसातून एकदा तरी आम्ही पूर्ण वाक्ये मराठीत बोलतो. देवाला सर्व भाषा कळतात; तेव्हा ही सोय त्याच्यापेक्षा आमचीच.

"तिथे मी बोलायचे कोणाशी?"

आता लग्नाविषयी. हा विषय टाळला तर वाचकांना चुकल्यासारखे वाटेल, आणि आमच्या मातोश्रींना तर फारच.

आमचा अविवाहित राहण्याचा काही पण नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात अविवाहित राहण्याची बाजू मांडली आहे. पण ती आज्ञा म्हणून मांडलेली नाही, ज्याचे त्याचे कृपादान निराळे असे तो म्हणतो. उत्पत्तीच्या पुस्तकात तर मनुष्याने एकटे असणे देवालाच बरे वाटले नाही. धर्मशास्त्राने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत, आणि त्यांपैकी एकीवर चालण्यासाठी आमच्या घरचे दरवर्षी उन्हाळ्यात खटपट करतात.

गेल्या वर्षी नगरकडचे एक स्थळ आले. मुलगी शिक्षिका, शिकलेली, गोड गळ्याची. तिच्या वडिलांनी घर, पगार आणि बदली यांविषयी विचारले ते रीतीप्रमाणे. नंतर त्यांनी विचारले, "तिकडे मराठी मंडळी आहे का?" आम्ही सांगितले, "मंडळी तेलुगू आहे, पण माणसे जिव्हाळ्याची आहेत." ते गप्प राहिले. पुढे मुलीने स्वतः फोनवर एकच गोष्ट विचारली, "तुम्ही दिवसभर बँकेत. तिथे मी बोलायचे कोणाशी?"

प्रश्नात रुसवा नव्हता, अट नव्हती. तिला उत्तर हवे होते आणि ते आमच्यापाशी नव्हते. भाषा शिकता येईल, शाळेत नोकरी मिळेल, असे काही सांगता आले असते. पण ते सारे पुढचे. पहिल्या पावसाळ्यात, दुपारी तीन वाजता, जिन्यावर पाऊल न वाजणाऱ्या घरात तिने कोणाशी बोलायचे, हे आम्हांला सांगता आले नाही. ते स्थळ गेले. तिला आम्ही दोष देत नाही. उलट तिने तो प्रश्न आधी विचारला हे दोघांच्याही भल्याचे झाले, असे आम्ही मानतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला त्या ताटातुटीची लक्ष्मीबाईंची बाजू विसरता येत नाही. आम्ही ती वाचताना पूर्वी टिळकांकडे पाहत असू. आता लक्ष्मीबाईंकडे पाहतो. पुरुष एखाद्या नव्या जागी, नव्या विश्वासात किंवा नव्या नोकरीत शिरतो तेव्हा त्याला तेथे काम असते, ओळखी होतात, नाव होते. त्याच्यामागून येणाऱ्या स्त्रीला हे सारे पहिल्यापासून उभे करावे लागते. ज्याला आपल्या गावी पत्नीला आणायचे आहे, त्याने घर शोधण्याच्या आधी तिच्यासाठी माणसे शोधावीत, असे आमचे मत त्या फोननंतर झाले आहे.

नोव्हेंबर महिना

माणसे शोधण्याची ही गोष्ट आम्हांला आमच्या बँकेतल्या कामाने शिकवली. प्रत्येक नोव्हेंबरमध्ये आमच्या शाखेत वृद्धांची रांग लागते. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने आपण जिवंत असल्याचा दाखला वर्षातून एकदा द्यावयाचा असतो. कोळसा कामगारांसाठी १९९८ पासून स्वतंत्र निवृत्तिवेतन योजना आहे, त्यामुळे आमच्याकडच्या रांगेत जुने खाणकामगार आणि त्यांच्या विधवा पुष्कळ. २०१४ पासून हा दाखला यंत्रावर बोटाचा ठसा देऊनही काढता येतो. परंतु ज्यांची हयात कोळसा फोडण्यात गेली त्यांच्या बोटांवरच्या रेघा झिजलेल्या असतात. यंत्र पुन:पुन्हा नकार देते. म्हातारा माणूस बोट सदऱ्याला पुसून पुन्हा ठेवतो, आणि समोर जिवंत उभा असूनही यंत्राच्या लेखी तो नसतो. मग कागदी फॉर्म काढावा लागतो व आम्हांला सही करावी लागते की अमुक इसम आज रोजी आमच्यासमोर हजर असून हयात आहे.

तीन वर्षांपूर्वी अशाच रांगेत एका गृहस्थांनी आमच्या टेबलावरची नावाची पाटी वाचली आणि विचारले, "तुमी मराठी हाव का जी?" ते राजुऱ्याकडचे. वडील खाणीत आले, मागून हेही खाणीत लागले, तीस वर्षे काम करून निवृत्त झाले. पत्नी वारली, मुलगी चंद्रपूरला दिलेली. आम्ही त्यांना बाबा म्हणू लागलो, ते आम्हांला आधी साहेब आणि मग बापू म्हणू लागले.

त्यांच्या घरी भिंतीवर डॉ. आंबेडकरांची तसबीर आहे. १९५६च्या १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, त्या दिवशी आठ वर्षांचे बाबा वडिलांच्या खांद्यावर बसून तेथे होते. पुढच्याच १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि त्यांचे गाव दुसऱ्या राज्यात गेले. "एका पंधरवड्यात धर्मही बदलला अन् राज्यही," ते म्हणतात, "पण भाकरी तीच रायली." दर गुरुवारी रात्री ते आमच्या खोलीवर येतात. भाकरी थापण्यात त्यांचा हात आमच्यापेक्षा फार चांगला. पत्नीच्या आजारपणात ते शिकले. जेवणाआधी आम्ही प्रार्थना करतो, ते हात जोडून बसतात. जेवणानंतर ते खाणीच्या गोष्टी सांगतात: दिवा, पाळी, पाणी, छत कधी बोलते आणि खाणकामगाराने ते कसे ऐकावे. आठवड्यातून ते दोन तास मराठीचे.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरची २६ तारीख आली तरी बाबांचा दाखला आला नव्हता. त्यामागचा गुरुवारही चुकला होता. दिवाळीच्या सुमारास ते मुलीकडे जातात, त्यामुळे शेजाऱ्यांनी धरून चालले की ते चंद्रपूरला असतील; मुलीने धरून चालले की ते बेल्लमपल्लीत असतील. फोन उचलला जात नव्हता. संध्याकाळी आम्ही त्यांच्या चाळीत गेलो. दाराला बाहेरून कुलूप नव्हते. आतून कडी होती. हाका मारल्या, शेजारची मंडळी जमली, कडी काढवली. बाबा तापाने तीन दिवस अंथरुणाला खिळले होते, उठून पाणी घेण्याचेही त्राण नव्हते. रिक्षातून त्यांना दवाखान्यात नेले. आठ दिवसांत ते उठून बसले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे: "बापू, दाखल्याचा कागद घेऊनच आला का?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. परंतु त्या रात्री झोप आली नाही. निवृत्तिवेतनाच्या कागदावर माणसाच्या हयातीची चौकशी वर्षातून एकदा होते. पण एकट्या माणसाची चौकशी तीन दिवस झाली नाही तर पुढचा दाखला दुसऱ्याच प्रकारचा निघू शकतो. आणि हे केवळ वृद्धांना लागू नाही. दीड खोलीत राहणाऱ्या एकोणतीस वर्षांच्या माणसाला ताप आला तर त्याचे अनुपस्थित असणे प्रथम कोणाच्या ध्यानात येईल? शनिवार-रविवार धरून बँकेला दोन दिवस लागतील. आईला एका रात्रीत कळेल, पण ती सहाशे किलोमीटरवर.

तेव्हापासून आमची एक पद्धत ठरली. रोज रात्री नऊला बाबा आमच्या फोनवर एकदा घंटी वाजवून ठेवून देतात. आम्हीही परत तसेच करतो. बोलणे नाही, खर्च नाही. दोन घंट्यांत दोघांचा दाखला पुरा होतो. गेल्या फेब्रुवारीत गाडी रस्त्यात अडकून आम्ही कागजनगरच्या अलीकडे रात्री अकरापर्यंत खोळंबलो, आणि फोनला संपर्क नव्हता. घरी पोहोचलो तो जिन्यात अक्का, शेजारचा एक मुलगा आणि हातात विजेरी घेतलेले बाबा उभे. त्या थंडीत तो म्हातारा माणूस अर्धा मैल चालत आला होता. अक्कांना मराठी येत नाही, बाबांची तेलुगू खाणीतली, रांगडी. दोघे मिळून आमच्यावर रागावले आणि आम्हांला दोन्ही भाषा नीट कळल्या.

एक पान जास्त

आमच्याकडे नाताळात करंज्या, चकल्या, शंकरपाळे आईकडून पार्सलने येतात. येथील मंडळीत नाताळापूर्वी आठवडाभर सेमी-ख्रिसमसचे मेळावे चालतात, गच्चीवर कागदी तारे लागतात. आमचा फराळ अक्कांकडे, बाबांकडे आणि शाखेत वाटला जातो. संक्रांतीला अक्कांकडून सकिनालु येतात. या देवघेवीत कोण कोणत्या धर्माचे हे विचारण्याची गरज आजवर कोणाला पडलेली नाही.

परंतु हे सारे योगायोगाने जुळले. रांगेत बाबांनी पाटी वाचली नसती तर? अक्कांनीही चौथ्या ठिकाणी नकार दिला असता तर? योगायोगावर माणसाचे जिणे सोपवू नये, म्हणून या मासिकाच्या वाचकांना आमचे नम्र सांगणे आहे.

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आपल्या कुटुंबांनी मंडळे काढली, गणेशोत्सव केले, वाचनालये चालवली. नाताळ व ईस्टरला मराठी उपासना भरवल्या. हे सारे कुटुंबांनी कुटुंबांसाठी केले आणि उत्तम केले. त्या याद्यांत एकटा माणूस बहुधा नसतो. नव्याने बदली होऊन आलेला बँकेतला मुलगा, रुग्णालयात लागलेली परिचारिका, शाळेतील शिक्षिका, विधुर झालेले निवृत्त गृहस्थ, हे वर्गणीच्या पुस्तकात असतील तर असतील. जेवणाच्या पानावर नसतात. त्यांना कार्यक्रमाचे निमंत्रण देण्याने काम भागत नाही. कार्यक्रमात एकटा माणूस अधिकच एकटा होतो. त्यांना आठवड्याचा एक ठरावीक वार द्यावा. त्या वारी ते आले नाहीत तर कोणीतरी फोन करावा, आणि फोन उचलला नाही तर कोणीतरी जावे. यासाठी सभा नको, घटना नको, अध्यक्षही नको. घरातल्या एका व्यक्तीने एवढे मनावर घेतले की पुरे.

असे झाले तर एकट्याची सोय होईल, हा लाभ लहान. मोठा लाभ दुसराच आहे. ज्या गावात एकट्या माणसाला ठरलेला वार असतो, त्या गावात लग्न होऊन आलेल्या नव्या सुनेलाही पहिल्या पावसाळ्यात, दुपारी तीन वाजता, बोलायला एक दार उघडे सापडते. नगरच्या त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हां एकट्याला देता येणारे नव्हते. ते गावाने द्यायचे उत्तर होते.

आमचे पुढे काय होईल ते आम्ही प्रभूवर सोपवले आहे. बदली होईल, लग्न होईल, किंवा यांपैकी काहीच होणार नाही. मात्र लग्न ठरेपर्यंतचा काळ म्हणजे स्थानकावरचा खोळंबा, असे आम्ही आता मानीत नाही. या काळातही ताप येतो, सण येतात, म्हातारी माणसे दारात विजेरी घेऊन उभी राहतात. हे जिणेच आहे, आणि त्याची नोंद ठेवणारे कोणीतरी प्रत्येकाला असावे.

येत्या नोव्हेंबरात बाबांचा दाखला आम्ही त्यांच्या घरी जाऊन भरून घेणार आहोत. आमचा ते रोज रात्री नऊला देतातच.